भोकाचा घास

बटाटे नवे होते, नुसत्या अंगठ्याने घासले तरी साल निघाली असती, पण हेइमो काल्तिओ ते सुरीनेच सोलत बसला होता. झोपडीच्या पायरीवर ऊन आलं होतं. मागच्या डबक्यांवरचं धुकं विरत चाललं होतं. ऑगस्टच्या चिलटांनी त्याच्या कानामागे चावून रक्त काढलं होतं. आत चुलीवर माशाचं डोकं उकळत होतं.

पिर्क्का आपले किड्यांचे सापळे रिकामे करून आला. त्याने अल्कोहोलच्या बाटल्या पायरीवर मांडल्या, आत डोकावला आणि म्हणाला, "डोळे काढ त्या माशाचे, म्हाताऱ्या. माझ्याकडे बघत बघत शिजतोय."

हेइमोने ते काढले नाहीत. इर्याला डोळे आवडायचे.

दोघं कैरावुओमाच्या दलदलीत आले होते ते एका टेकाडासाठी. अशा टेकाडाला पाल्सा म्हणतात. वर शेवाळ आणि खुरटी झुडपं, पोटात हजारो वर्षं न वितळलेला बर्फ. हे टेकाड आता बसायला आलं होतं. दक्षिणेच्या अंगाला भेग पडली होती आणि तिच्यातून चहासारखं काळं पाणी रात्रंदिवस डबक्यात गळत होतं. पुढचा उन्हाळा ते बघणार नाही, हे पिर्क्कालाही दिसत होतं, आणि तो तर किड्यांचा माणूस. बसायच्या आत त्याच्या तळाच्या चिकणमातीपर्यंत पोचायचं होतं. भोक इर्याने सुरू केलं होतं. इर्या हेइमोची बायको. आयुष्यभर दोघांनी जोडीने दलदली खोदल्या, जुन्या थरांचे नमुने काढले. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती याच टेकाडावर जेवताना थांबली, घास अडकतोय म्हणाली, आणि भोक अर्ध्यावर राहिलं. या मार्चमध्ये ती गेली. तिचं भोक तळाला लावायचं, एवढी एकच गोष्ट हेइमोला अजून करावीशी वाटत होती.

जेवणाचा पहिला घास भोकाला द्यायचा, ही त्यांच्या तुकडीची जुनी खोड होती. सूपाचा चमचा, ब्रेडचा तुकडा, निदान कॉफीचा घोट. नाही दिला तर नळी अडकते, असं सगळे हसत हसत म्हणत आणि न चुकता देत. पण खऱ्या भोकात अन्न गेलं तर नमुना नासतो. म्हणून इर्याने हातभर अंतरावर एक उथळ, आंधळं भोक पाडून ठेवलं होतं. घास त्याच्यात जायचा.

त्या दुपारी माशाच्या सूपाचा पहिला चमचा हेइमोने आंधळ्या भोकात ओतला. मग दोघांनी खोदायचं यंत्र धरून त्याची पोकळ नळी खऱ्या भोकात उतरवली. बर्फ कापताना नळी दातओठ खाल्ल्यासारखा आवाज करते. तसाच तो आला, आणि मध्येच थांबला. नळी हातभर अगदी सहज गेली, लोण्यात जावी तशी.

वर काढून नमुना पन्हळीत ठेवला. तपकिरी शेवाळ, बर्फाचा पातळ पापुद्रा, पुन्हा शेवाळ. मग दोन बोटं जाडीचा एक पिवळट पांढरा थर. बाकी सगळं दगडासारखं गोठलेलं आणि हा थर मऊ होता. त्यातून वाफ येत होती.

दलदलीचा माणूस नमुना आधी मुठीत घेतो. मूठ आवळायची आणि बोटांतून काय येतं ते बघायचं. स्वच्छ पाणी आलं तर शेवाळ शाबूत, काळा गाळ आला तर कुजलेलं. हेइमोने आयुष्यात हजारो मुठी पिळल्या होत्या, त्यामुळे हात पुढे गेला तो विचार न करताच गेला. थर कोमट होता. बोटांच्या फटींतून पांढरा लगदा आला आणि त्याच्यामागून चिकट, बुडबुड्यांची तार, जी तुटेना. लगद्यात हिरवे ठिपके होते.

त्याने हात नाकाशी नेला. शेपूची भाजी, मासा, आणि सकाळी न घासलेल्या तोंडाचा वास.

"बटाटा आहे," पिर्क्का म्हणाला. मग आणखी खाली वाकून, "चावलेला."

लाळेची तार हेइमोच्या मनगटावरून बाहीत उतरली. त्याने हात शेवाळावर पुसला, परत पुसला, डबक्याशी जाऊन गाळाने घासला. नखांखालचं काही निघेना. पिर्क्का विनोद करत होता, की म्हाताऱ्याने सूप चुकीच्या भोकात ओतलं आणि आता पाच हजार वर्षांपूर्वी शेपू होती असा शोध लागणार. पण बोलता बोलता तो आंधळ्या भोकाशी वाकला. भोक रिकामं होतं. सूपाचा थेंबही नव्हता. तळाचा बर्फ पुसून लख्ख केलेल्या ताटलीसारखा चमकत होता.

रात्री पिर्क्काने बरीच कारणं काढली. कोल्हा, वितळतं पाणी, एका भोकातून दुसऱ्यात जाणारी चीर. हेइमो हो म्हणत राहिला. सकाळी पिर्क्काने अट घातली की आज टेकाडावर काहीच न्यायचं नाही. दोघांनी झोपडीतच राय नावाच्या धान्याचा काळपट ब्रेड, लोणी आणि काकडी खाल्ली, तोंडं धुतली आणि रिकाम्या हातांनी निघाले. पिर्क्काने हातमोजे दोनदा उलटे करून झटकले.

नळी गेल्या वेळेपेक्षा खोल गेली आणि जड होऊन वर आली. या वेळी मूठ पिळायची गरज पडली नाही. बर्फाच्या दोन पापुद्र्यांमध्ये ओळीने गोळे बसले होते, सुपारीएवढे, राखाडी तपकिरी, लाळेने चकाकणारे. सकाळचा राय ब्रेड. काकडीच्या बिया आणि साल. लोण्याचा तवंग वितळून पन्हळीतून वाहत होता. चिलटं थव्याने आली आणि त्याच्यावर बसून चिकटली.

पिर्क्का झुडपाआड जाऊन ओकला. तोंड पुसत आला तेव्हा म्हणाला की त्याच्या ओकारीत काकडी आहे आणि या पन्हळीतही काकडी आहे, आणि आपल्याला आता घरी जायचं आहे.

हेइमो ऐकत नव्हता. तो गोळ्यांकडे बघत होता. प्रत्येक गोळ्याच्या डाव्या बाजूला ब्रेडची कड वेगळी काढून, दाबून लावलेली होती.

शेवटच्या महिन्यांत इर्याच्या घशाखाली पाणीही मुश्किलीने उतरायचं. अन्न नळीने थेट पोटात जायचं, पण चवीची भूक गेली नव्हती. ती घास तोंडात घ्यायची, डाव्या दाढेने खूप वेळ चावायची, चव घ्यायची आणि निळ्या भांड्यात थुंकायची. कड तिला चावायची नाही, ती जिभेने वेगळी काढायची आणि गोळ्याला लावून टाकायची, नीटनेटकी. भांडं हेइमो धरायचा. ते बाहेर बर्फात रिकामं करताना तो श्वास रोखून धरायचा, आणि तरी वास यायचा. तो वास आता या टेकाडावर, उघड्या वाऱ्यात येत होता.

दुपारी रिस्तेन आली, तिच्या चारचाकी मोटारसायकलवर. तिचे रेनडिअर याच रानात चरत. आठवड्यातून एकदा ती सामान पोचवायची. या वेळी वाळवलेलं मांस आणि एक डबा आणला होता. डब्यात तव्यावर भाजलेलं चीज आणि लक्का, दलदलीत पिकणारी ती केशरी फळं. मार्चमध्ये अंत्यविधीला येता आलं नाही, म्हणून बायकोच्या आवडीचं आणलंय, असं ती हेइमोकडे न बघता म्हणाली.

तेवढ्यात तिचा कुत्रा, मुस्ती, पन्हळीपाशी पोचला होता. रिस्तेनने हाक मारेपर्यंत त्याने अर्धे गोळे खाल्ले होते. शेपूट हलवत, घाई न करता, एखाद्या ओळखीच्या घरी खावं तसं.

हेइमो धावला. त्याने कुत्र्याचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि बोटं आत घातली.

"सोड. ते तिचं आहे."

रिस्तेनने कुत्र्याला पट्टा धरून मागे ओढलं. ती पिर्क्काकडे बघत होती.

"कोणाचं?" पिर्क्काने विचारलं.

हेइमोच्या बोटांवर लाळ होती, कुत्र्याची आणि दुसरी. रिस्तेन पन्हळीवर वाकली, नाक दाबून सरळ झाली आणि म्हणाली की कुजलेलं वासरू उचललंय तिने, पण याच्याइतकी किळस आली नव्हती. संध्याकाळी ट्रेलर घेऊन येते, तोपर्यंत सामान बांधा. मग ती हेइमोला वेगळं म्हणाली, "भोक बुजव, हेइमो. मेलेल्या माणसाला भरवायचं नसतं."

"ती उपाशी गेली," हेइमो म्हणाला.

रिस्तेन गेल्यावर पिर्क्का शेवाळाची ढेकळं गोळा करू लागला. हेइमोने एकच नळी आणखी मागितली. तळ लागला तर लागला, नाही तर बुजवू. पिर्क्काने हातातलं ढेकूळ टाकलं आणि यंत्र धरलं.

यंत्र सुरू करावं लागलं नाही. नळी हातातून निसटत आपणहून खाली गेली. चिकणमातीचा ठोका लागला नाही. सगळी लांबी संपली तेव्हा कुठे ती थांबली, आणि तिची वरची धरायची मूठ हळू हळू वर खाली होऊ लागली. श्वास घेतल्यासारखी नव्हे. चावताना जबडा हलतो तशी.

दोघांनी ती उपसून काढली. आत काही नव्हतं. धातू कोरडा, कोमट.

भोकातून वास वर आला. पिर्क्काने बाहीने नाक झाकलं. हेइमोने झाकलं नाही. तोंडाला आलेलं कडू पाणी गिळत तो भोकाशी गुडघ्यांवर बसला.

त्याने डबा उघडला.

"आंधळ्या भोकात टाक," पिर्क्का म्हणाला. "निदान त्यात टाक."

हेइमोने चीजचा तुकडा फळांच्या रसात बुडवला आणि खऱ्या भोकावर हात नेला. तुकडा खाली पडल्याचा आवाज आला नाही.

मग आला. भाजकं चीज दाताखाली चुकचुकतं, ओल्या रबरासारखं. तो आवाज खोलातून येत होता. चुक, चुक. डाव्या बाजूने.

पिर्क्का मागे सरकला.

चुकचुक बराच वेळ चालली. मग थांबली.

हेइमो वाट बघत होता, थुंकण्याची.

त्याऐवजी खाली काहीतरी ओलं, जड, अडखळत सरकलं. एकदा थांबलं. मग उतरलं.

"गेला," हेइमो म्हणाला. "घास गेला तिच्या घशाखाली."

तो हसत होता आणि त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं. त्याने डब्यातलं राहिलेलं सगळं, फळं, रस, चीज, बोटांनी निपटून भोकात लोटलं. पिर्क्काने त्याला काखेत धरून बाजूला ओढेपर्यंत डबा रिकामा झाला होता. पिर्क्काने एकट्याने भोक बुजवलं. ढेकळं लाथांनी आत सारली आणि वर उभा राहून दाबली.

संध्याकाळी दोघं झोपडीच्या पायरीवर ट्रेलरची वाट बघत बसले. पिर्क्काने दोनदा हात धुतले होते. हेइमो शांत होता, कितीतरी महिन्यांनी त्याचे खांदे खाली आले होते. पिर्क्काने वाळवलेल्या मांसाची पिशवी पुढे केली. सकाळच्या ब्रेडनंतर हेइमोने काही खाल्लं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"नको," हेइमो म्हणाला. "भरलंय."

त्याच्या डाव्या दाढेत काहीतरी टोचत होतं. त्याने जिभेने चाचपलं, बोट घालून काढलं आणि तळहातावर ठेवलं. लक्काची बी होती, कडक, पिवळी, अजून गर चिकटलेली.

पिर्क्काने बीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे.

हेइमोचं तोंड बंद होतं. घसा हलला. काहीतरी मोठं सावकाश खाली उतरावं तसा. मग पुन्हा हलला. हेइमोने दोन्ही हात गळ्याला लावून तो धरून ठेवायचा प्रयत्न केला, आणि बोटांखाली घसा एकामागून एक घास गिळत राहिला.