समोरच्याचं मागचं चाक

तो दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. घरापासून कामाची जागा बावीस किलोमीटर. बस होती हो, पण गडी रोज सकाळी डबा पाठीला बांधून सायकलवर निघायचा. हौस नव्हे, सराव! धाकट्या बहिणीबरोबर त्याने चारशे किलोमीटरच्या जोडीच्या फेरीत नाव दिलं होतं. सत्तावीस तासांत दोघांनी मिळून पोचायचं. एकटा पोचला तर धरत नाहीत. गेल्या वर्षी अकरा मिनिटांनी हुकलं, तेही याच्याच पायांमुळे. बहीण याच्यासाठी थांबत थांबत आली आणि एका शब्दानेही बोलली नाही. तेच याला लागलं होतं. यंदा काही झालं तरी तिला एकटं पाडायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

कालव्याच्या रस्त्यावर सकाळी समोरून वारा असायचा. एका सोमवारी धुक्यात त्याला पुढे एक सायकलवाला दिसला. करडं जाकीट, रुंद पाठ. कवळीवाल्याने गाठून त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर धरलं, आणि वारा एकदम थांबला. पुढचा वारा खातो, मागचा मजेत जातो, हे सायकलवाल्यांना सांगायला नको. फुकट ते पौष्टिक! त्या दिवशी तो नऊ मिनिटं लवकर पोचला.

मग ते रोजचंच झालं. पुढचा मधूनच उजवं कोपर हलवायचा. म्हणजे, आता तू पुढे ये. वारा पाळीपाळीने खायचा, असा रिवाजच आहे. पण आपला कवळीवाला मान खाली घालून, जणू दिसलंच नाही अशा थाटात पायडल मारायचा. डोक्यातला किडा मात्र वळवळायचा. या बाबाला कधी धाप कशी लागत नाही? एकदा दोघे साचलेल्या पाण्यातून गेले. पुढच्या चाकाचे शिंतोडे मागच्याच्या तोंडावर यायलाच हवेत की नाही? पण याचा चष्मा कोरडा ठणठणीत.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने बहिणीला सगळं सांगितलं.

"चेहरा कसा आहे रे त्याचा?"

"पाठच दिसते गं. चेहरा पुढे असतो ना!"

"आणि तू पाळी घेतलीस किती वेळा?"

तो भाजी चिवडत बसला.

"एकदाही नाही? कमाल आहे दादा तुझी! दुसऱ्याच्या आडोशाने पाय तयार होतात का कधी?"

दुसऱ्या दिवशी कोपर हललं, तसा तो निघाला. खरं सांगायचं तर पाळीपेक्षा त्याला चेहरा बघायचा होता. जोर लावून तो शेजारी आला, मान वळवली… आणि शेजारी कुणीच नव्हतं. वारा थाडकन छातीवर आला. मागे, अगदी मानेपाशी, कुणीतरी सावकाश श्वास सोडला.

मागे न बघता त्याने कामाची जागा गाठली.

त्यानंतर पुढे कुणी दिसलं नाही. तो रोज दहादा वळून बघायचा. मागेही मोकळा रस्ता. आठवडा असाच गेला. गेलं एकदाचं, असं म्हणून त्याने सुस्कारा सोडला. खरं म्हणजे थोडी चुटपुटही लागली होती.

रविवारी दोघं भावंडं सरावाला निघाली. पुलापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, असं ठरलं होतं. उजाडलं होतं, धुकं होतं, आणि वारा असा की कडेचं गवत आडवं पडलेलं. कवळीवाला पुढे, बहीण मागे.

"दादा, आज काय मस्त ओढतोयस रे! वारा लागतच नाहीये!"

तो खूश झाला. पण आवाज जरा लांबून आला होता. त्याने वळून पाहिलं. बहीण चाळीस पावलं मागे होती. तिच्या जाकिटाची चेन उघडी होती, तरी त्याच्या दोन्ही बाजू जराही फडफडत नव्हत्या. नजर आपल्या चाकापुढे हातभर खिळलेली.

"अगं, इकडे बघ! मी इथे आहे!"

ती भराभर जवळ आली. त्याच्या अगदी बाजूने गेली, कोपराला कोपर लागेल इतकी, पण तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हसत होती, बोलत होती.

"हो ना दादा… हो रे…"

पूल आला. तो जीव खाऊन पायडल मारत होता, मांड्या पेटल्या होत्या, अंतर तरी वाढतच होतं. ती परत फिरली नाही.

"अजून पुढे?" धुक्यातून तिचा आवाज आला, जरासा थकलेला. "इतक्या लांब?… बरं. तू म्हणतोस तर जाऊ."

"मी नाही म्हणत!" तो ओरडला. "थांब गं, मी नाही म्हणत!"

धुक्यातून उत्तर आलं. बहिणीचं नव्हतं ते. हुबेहूब त्याच्याच आवाजात कुणीतरी प्रेमाने म्हणालं, "चल, मी आहे ना."