मोजणीतला नववा

माझी पिशवी कुणीतरी मागून ओढली. वळून बघते तर... मेंढी! पांढरीशुभ्र, तांबूस मानेची, बाकदार नाकाची. आणि तिच्या मागून धापा टाकत पळत येणारा सांताक्लॉज.

"राणे, सोड! सोड म्हंतो न्हवं!"

मी हसायचं विसरून बघतच राहिले. नाताळचा दिवस, पेठ नाक्याच्या पुढचं जल्लोष पार्क, समोर तीन मजली ख्रिसमस ट्री, त्यावर हजारो दिवे... आणि हा सांता आमच्या उंब्रजच्या बाजारात बोलतात तसं बोलत होता.

"आत्तू, सांताला मराठी येतंय!" माझी सहा वर्षांची भाची सृष्टी टाळ्या पिटत ओरडली.

"हळू बोल की बाय," सांताने इकडेतिकडे बघितलं. "मॅनेजरनी बजावलंय. सांतानं बोलायचं न्हाई, फकस्त हो हो हो म्हणायचं."

"मग म्हणा की," मी म्हणाले.

"व्हय व्हय व्हय," तो म्हणाला, आणि दाढीवरचे त्याचे डोळे असे काही हसले, की मलाच नजर खाली घ्यावी लागली.

"पिशवीत काय हाय तुमच्या?"

"काही नाही."

"राणी खोटं बोलत न्हाई. भाकरी हाय."

आता माझी पंचाईत झाली. बाहेरचं खाणं आत आणायला मनाई, अशी गेटवर हातभर पाटी होती. पण घरातून रिकाम्या हाताने बाहेर पडणं आमच्या आईला जमत नाही. तिने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून सृष्टीच्या स्वेटरखाली दडवून आत आणली आणि मग माझ्या पिशवीत सरकवली होती.

"मॅनेजरला सांगणार?" मी विचारलं.

"अर्धी मिळाली तर... न्हाई."

एवढ्यात पुढून आवाज आला. "मोजणी!"

आमचे अण्णा म्हणजे निवृत्त सुभेदार हंबीरराव. सव्वीस वर्षं पलटणीत काढून घरी आले, ते मोजणी बरोबर घेऊन आले. जत्रा असो, लग्न असो, चारपेक्षा जास्त माणसं घराबाहेर पडली की तासातासाला रांग आणि नंबर. अण्णा एक, आई दोन, मग लालासाहेब काका, काकू, दादा, शिवांजली वहिनी. सृष्टी सात आणि मी आठ. पोर मधे आणि मी शेवटी, कारण रांगेच्या शेवटी भरवशाचा माणूस लागतो, असं अण्णांचं म्हणणं.

उंच पाळण्याच्या रांगेत नंबर सुरू झाले. "सात!" सृष्टी किंचाळली. "आठ," मी पुटपुटले.

"नऊ," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.

अण्णा गर्रकन वळले. "कोण रं त्यो?"

सांताने मुकाट्याने राणीकडे बोट दाखवलं. आख्खी रांग हसली. अण्णा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा जराशा हलल्या, ते मी बघितलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी हसायचा माझा विचार नव्हता. आमच्या उसाला यंदा तोड लवकर मिळाली, रान मोकळं झालं, म्हणून सृष्टीला दिलेला शब्द पाळायला आम्ही आलो होतो. पण संध्याकाळी सातला अण्णा पाटणच्या पाहुण्यांना फोन करणार होते. मुलगा पुण्याला कंपनीत, घरची शेती, स्वभाव शांत. मला बघायला आला तेव्हा त्याने दोनदा पोहे घेतले आणि मला एकही प्रश्न विचारला नाही. नंतर घरी मतं घेतली, तीही रांगेने. सगळे हो म्हणाले. सृष्टीसुद्धा, कारण त्याने तिला चॉकलेट आणलं होतं. सात जणांनी हो म्हटल्यावर आठव्याने काय बोलायचं? "तुमी म्हणाल तसं," मी म्हणाले, आणि त्या रात्रीपासून ते तीन शब्द घशात अडकून बसले होते.

दुपारी आम्ही नाताळच्या देखाव्यामागे लपून जेवलो. देखावा मोठा देखणा होता. गवताचा गोठा, निळ्या वस्त्रातली मरियम, काठी धरलेला योसेफ, गव्हाणीत मातीचं बाळ. मेंढरं मात्र खरी होती, सहा. कठड्यामागे लाल कपड्यातला सांता एकटाच टेकून बसला होता.

"संयु, त्या सांतालाबी दे गं," आई म्हणाली. "उन्हात लोकरीची कापडं घालून घामानं पार निथळलाय बिचारा."

तिने दोन भाकरी आणि चटणी आपल्या हिरव्या काठाच्या फडक्यात बांधून दिली. मी नेऊन दिली. लगेच परत फिरायचं होतं... नाही फिरले.

"दाढी काढा की खाताना," मी म्हणाले.

"नगं. पोरं बगत्यात." त्याने एका हाताने दाढी उचलून दुसऱ्या हाताने घास घेतला. "आईंना सांगा, चटणी लय भारी."

त्याचं नाव बिरुदेव. जत तालुक्यातला. मेंढरं घरची, आणि तो स्वतः शिरवळला जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. पार्कवाल्यांना देखाव्यासाठी मेंढरं हवी होती, म्हणून सुट्टीत घेऊन आला. खऱ्या सांताला ताप भरला आणि मॅनेजर याला म्हणाला, तुला उंची आहे, घाल कपडे.

"आणि मेंढरं घाबरली नाहीत तुम्हाला या वेषात बघून?"

"कापडं बगून माणूस वळकायला ती काय माणसं हायत व्हय?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुमी काय करता?"

"बी.एड. करते, कराडला."

"शिकवायला आवडतं?"

"हो."

"काय आवडतं त्यात?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. घरी नाही, पाटणच्या त्या पोह्यांसमोर तर नाहीच. मग मी बोलत सुटले. सरावपाठात एका मुलाला अपूर्णांक एकदम उमगले आणि तो आनंदाने बाकावरच चढला, ते सांगितलं. वर्गातली सगळी तोंडं एकाच वेळी उजळतात, तेव्हा तास संपूच नये असं वाटतं, तेही सांगितलं. तो ऐकत होता. इतकं मन लावून, की हातातली भाकरी तशीच राहिली आणि राणीने ती अलगद काढून घेतली.

"गेली!" मी म्हणाले.

"जाऊंद्या. बाकावरचं पोरगं मग खाली उतरलं का न्हाई?"

मला तो आवडला. घामेजलेला, बिनचेहऱ्याचा, खोट्या पोटाचा... आवडला, आणि सात वाजायला फक्त चार तास उरले होते.

सहाला बर्फ पडला. खरा कुठला, यंत्रातून उडवलेला साबणाचा फेस. पण मावळतीच्या उन्हात ते पांढरे पुंजके खाली उतरायला लागले आणि सातारा-सांगलीची अख्खी गर्दी लहान मूल झाली. लालासाहेब काका टोपीत बर्फ गोळा करत होते. आई आणि काकू पदर पसरून उभ्या होत्या. आणि मधोमध सांता, पंधरावीस पोरांच्या घोळक्यात, एकाला खांद्यावर, एकाला कडेवर घेऊन नाचत होता. एक लंगडं पोर कडेला उभं होतं. सांताने ते बघितलं, तो जवळ गेला आणि त्याच्यासारखंच एका पायावर नाचायला लागला... ते पोर खदखदून हसलं. मी बघतच राहिले.

"आत्तू, मी राणीला बघून येऊ?" सृष्टी म्हणाली असावी. मी "हं" म्हणाले असेन.

"मोजणी!"

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

मग काहीच नाही.

अण्णांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा सहावर सगळं थांबलं. शिवांजली वहिनीचा चेहरा पांढरा पडला. दादा झोपाळ्यांकडे पळाला, काका गेटकडे. भोंग्यावरून सृष्टीचं नाव पुकारलं जायला लागलं. शेवटी भरवशाचा माणूस म्हणून मला ठेवलेलं... आणि माझं लक्ष कुठे होतं, ते मला चांगलंच ठाऊक होतं.

अंधारून आलं. अर्धा तास झाला असेल, मला ते अर्धं आयुष्य वाटलं.

आणि देखाव्याच्या बाजूने तो आला. टोपी नाही, दाढी नाही. त्याच्या खांद्यावर सृष्टी गाढ झोपलेली, तिच्या केसांत गवत. उन्हाने रापलेला चेहरा, हनुवटीला चिकटलेला कापूस, आणि डोळे... ते मात्र सकाळपासून माझ्या ओळखीचे होते.

वहिनीने लेकीला छातीशी धरलं आणि ती रडायला लागली. अण्णा पुढे झाले. "कुटं घावली?"

"मेंढरात निजली हुती. दिस मावळला की मी मोजतो, पाठीवर हात ठेवत. सहा हायत आमची. आज सात भरली." त्याने घाम पुसला. "सातवीला बटणं लागली हाताला."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "रोज मोजतोस?"

"आज्ज्यापास्नं चालत आलंय. मोजल्याबिगर आमच्यात कोण जेवत न्हाई."

"आमच्या पलटणीतबी न्हाई," अण्णा म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णा असा हात सहसा कुणावर ठेवत नाहीत.

मला राहवलं नाही. "अण्णा, चूक माझी हाय. मी शेवटी होते आणि माझं ध्यान नव्हतं."

"कुटं हुतं ध्यान?"

माझी नजर आपोआप बिरुदेवच्या हनुवटीवरच्या कापसाकडे गेली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग बिरुदेवकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. सातला पाच कमी.

"पाटणच्या लोकांना काय सांगू? आठ नंबर, आज पैल्यांदा तू बोल."

सगळे माझ्याकडे बघत होते. दादा, काका, आई. घशातले ते तीन शब्द वर यायला लागले, आणि मी ते गिळले.

"न्हाई म्हणून सांगा, अण्णा."

"का गं?"

"त्यांनी मला काहीच विचारलं न्हाई." मी थांबले नाही. "आणि तुमीबी शेवटीच विचारलंत. सगळ्यांचं झाल्यावर."

काका काहीतरी म्हणायला गेले. अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते फोन घेऊन ख्रिसमस ट्रीच्या पलीकडे गेले. हिरवा, लाल, हिरवा असा उजेड त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडत होता. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "झालं. चुकलंच माझं, पोरी." आणि रुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसले.

गाडीकडे निघताना मी मुद्दाम मागे राहिले. तोही येणार, हे मला माहीत होतं. त्याच्या हातात आईचं हिरव्या काठाचं फडकं होतं, नीट घडी घातलेलं.

"हे... तुमचं," तो म्हणाला. पण हात काही पुढे येईना.

"द्या की मग."

"रिकामं कसं देऊ? आमच्यात रिकामं परत देत न्हाईत."

"आमच्यातबी न्हाई देत." मी ओढणीच्या टोकाशी चाळा करत होते. "मग भरून आणा."

"कुटं आणू?"

"उंब्रज. सुभेदारांचं घर म्हणा, कुणीबी दाखवंल."

"आणि सुभेदारांनी विचारलं, कशापायी आला, तर?"

"तर खरं सांगायचं."

तो हसला. मग एकदम गंभीर झाला. "खरं सांगायचं तर... दुपारी राणीनं भाकरी न्हेली न्हवं, तवा मला कळलंबी न्हाई. घरी सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाई. भाकरी हातातनं जाऊ देणारा न्हाई मी."

यापेक्षा गोड काही मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

जानेवारीत तो आला. फडक्यात रानातला कोवळा हुरडा, आणि मला विचारायचे बरेच प्रश्न घेऊन. अण्णांनी दारातच अडवून विचारलं, कशापायी आलास. त्याने खरं सांगितलं. सोपं काहीच नव्हतं. लालासाहेब काका दोन महिने बोलले नाहीत. जतला त्याच्या आईलाही सुभेदाराची पोर मेंढरांच्या घरात कशी रमणार, ही काळजी होतीच. मग मी स्वतःच जतला गेले, मावळतीला तिच्याबरोबर उभी राहून एकेका पाठीवर हात ठेवत मेंढरं मोजली, आणि एक चुकवलं. ती हसली आणि म्हणाली, शिकशील. अण्णा काकांना इतकंच म्हणाले, "रोज मोजणारा माणूस हाय. आपली पोरगी हरवायची न्हाई."

या नाताळला आम्ही पुन्हा गेलो. पार्कमध्ये या वेळचा सांता कोल्हापूरचा होता, हो हो हो अगदी बरोबर म्हणत होता. सृष्टीला तो अजिबात पटला नाही. पाळण्याची रांग तीच, ऊन तेच, पिशवीत भाकरीही तीच.

"मोजणी!" अण्णा पाठमोरेच गरजले.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. "सात!" सृष्टी किंचाळली.

"आठ!" मी म्हणाले. पुटपुटले नाही, चांगलं मोठ्याने म्हणाले.

माझ्या शेजारी नवा शर्ट घातलेला, लग्नाला सात महिने झालेला जनावरांचा डॉक्टर लाजून चपलेकडे बघत होता. अण्णा वळले नाहीत. नुसते म्हणाले, "म्होरचा नंबर येऊ द्या की. रांग खोळंबलीय."

त्याने गर्दीत माझा हात हातात घेतला.

"नऊ."