एकाच घरातला ताप

एडिवान पहाटे झोळीत मेलेला सापडला. डोळे हळदीसारखे पिवळे, खालच्या बादलीत काळ्या कॉफीसारखी लघवी. फौजदार लुसेलियाची होडी ब्राझीलच्या जंगलातल्या पुरुस नदीवरच्या त्या वस्तीला लागेपर्यंत गावाने निकाल देऊनही टाकला होता. त्याची बायको झांदिरा खांबाला बांधलेली होती.

"हिनंच विष घातलं!" सासू झुल्मिरा, जिला गाव मानानं दोना म्हणायचं, ऊर बडवत होती. "झाडाच्या सालीचा काढा पाजत होती माझ्या लेकराला. न्या हिला, तुरुंगात सडू दे!"

लुसेलियाने झांदिराला विचारलं, "काढा कसला?"

"तापावरचा. निम्मा मीच प्यायले. कडू म्हणून तो थुंकायचा."

"आणखी काय दिलंस?"

"या घरात माझं चालतं का, फौजदारबाई? बाकी सगळं आईंच्या हातचं."

काढा पिणारी जिवंत आणि थुंकणारा मेला. गावाला हे दिसलं नाही, कारण ओरडताना डोळे मिटतात.

थोरला भाऊ रमिरो भिंतीला टेकून रडत होता.

"तुलाही ताप आला होता का?" लुसेलियाने त्याला विचारलं.

"मागच्या महिन्यात. मलेरिया. दवाखान्यातून गोळ्या आणल्या, लगेच उतरला."

"सगळ्या घेतल्यास?"

"बरं झाल्यावर कोण गिळतं? उरलेल्या आईकडे दिल्या. सगळेच ठेवतात."

खरंच ठेवतात. आमच्या नदीवर गोळी फेकणं म्हणजे अन्न फेकणं. शिवाय रानात कास्तान्याच्या बिया वेचायचा हंगाम. दवाखान्यात जायचं तर मजुरी बुडते.

लुसेलिया म्हातारीशेजारी जमिनीवर बसली.

"दोना, लहानपणी तो कधी असा पिवळा पडला होता?"

"एकदा. झुरळं होऊ नयेत म्हणून झोळीत डांबरगोळ्या ठेवलेल्या. तीत निजवला आणि पोर पिवळंधमक. रमिरो त्याच झोळीत वाढला, त्याला काही झालं नाही."

"आणि आता लघवी काळी कधी झाली?"

"परवा. वाटलं ताप बळावला, म्हणून मी दुप्पट..."

"दुप्पट काय, दोना?"

"गोळ्याच की! रमिरोच्या. सरकारी औषध आहे ते, विष नव्हे!"

लुसेलियाला बोलायचं नव्हतं. पण झांदिराचे हात अजून बांधलेले होते.

"विष कुणीच घातलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "काही जणांचं रक्त जन्मतःच नाजूक असतं. डांबरगोळ्यांचा वासही त्याला सोसत नाही, आणि मलेरियाची ही गोळीही नाही. रक्त आतल्या आत फुटतं, लघवी काळी होते. म्हणून दवाखान्यात बजावतात, लघवी काळी झाली की गोळी बंद. ते रमिरोला सांगितलं होतं. एडिवान तिथं गेलाच नाही. थोरला ज्यानं वाचला, त्यानंच धाकटा गेला."

गर्दी हळूहळू मागे सरकली; मघाशी दोरी आणणारे आता पायाकडे बघत होते. फार वाईट वाटतं अशा वेळी, कारण चिडायलाही कुणी उरत नाही.

झुल्मिरा उठली आणि सुनेच्या गाठी सोडू लागली. गाठ सुटेना.

"आई," झांदिरा हळूच म्हणाली, "गोळ्या घेताना तो काही बोलला?"

"बोलला गं." म्हातारीने कपाळ सुनेच्या खांद्यावर टेकलं. "म्हणाला, दादासारखा मीही चार दिवसांत उठेन."