मिठाची कोठी

कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिथे उभी होते.

साफी बंदर. मागच्या फेब्रुवारीतला गुरुवार. दुपारचे सव्वातीन... बाहेर लख्ख ऊन.

सार्डिन माशांचे डबे भरायचा जुना कारखाना पाडला नाही, त्याचं आधुनिक कलेचं संग्रहालय केलं. माझी हनिया मावशी पोरवयात तिथे कामाला होती. पन्नास वर्षांत त्या रस्त्यावर तिने पाऊल टाकलं नव्हतं.

मीच हट्टाने नेलं.

इद्रिस नावाचा तरुण कारखान्याचा इतिहास सांगत होता.

"इथे बायका गाणी म्हणत काम करायच्या."

"तुझी आजी म्हणत असेल," मावशी फटकन बोलली. "आमच्या बोटांतून रक्त यायचं."

"लल्ला," बाईमाणसाला म्हणतात तसं तो अदबीने म्हणाला, "कागदपत्रांत तसं काही नाही."

"कागद लिहिले कुणी? मुकादमानेच ना?"

तो ओशाळून हसला. शेवटच्या दालनाकडे वळला. छोटं, पांढरं... पूर्ण रिकामं. काचेचं दार.

"इथे रिकामे डबे ठेवायचे. आता इथली शांतता हीच कलाकृती."

"मिठाची कोठी आहे ही," मावशी पुटपुटली.

आणि आत गेली.

दार तिच्यामागे मिटलं.

त्या दाराला कडी नाही. कुलूप नाही. तरी ते उघडेना.

इद्रिसने खांदा लावला. मी मुठी आपटल्या. आत मावशी भिंतीकडे तोंड करून उभी. तिचे ओठ हलायचे. मग थांबायचे... समोरचं कुणी बोलत असावं तसे.

समोर कुणीच नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं. मी काचेवर जिवाच्या आकांताने मुठी मारत होते आणि... काहीच वाजत नव्हतं.

मावशी वळली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा भिंतीकडे वळून तिने सावकाश होकारार्थी मान हलवली.

दार उघडलं.

घरी समोरचा चहा गार झाला, तेव्हा बोलली.

"मुबारका माझ्यासोबत कामाला, माझ्याच वयाची. एके दिवशी कामावर उशिरा आली. मुकादम म्हणाला, कोंडा हिला. कडी मी लावली, गिझलान. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर..."

"मेली होती?"

"भिंतीवर नखांचे ओरखडे होते. आम्ही कुणी तोंड उघडलं नाही."

"आज... तीच होती तिथे?"

"हो."

"माफी मागितलीस?"

"तीनदा मागितली. ती हसली. म्हणाली, माफी घाल चुलीत. मला सोबत पाहिजे. तू तरी थांब, नाहीतर..."

मावशी अडखळली.

"नाहीतर काय?"

"म्हणाली, बाहेर उभी आहे ती कोण गं तुझी?"

मी उठून तिच्यासमोर बसले.

"मावशी, तू काय सांगितलंस तिला?"

तिने तोंड फिरवलं.

मी रोज विचारायचे. ओरडून विचारलं, पाया पडून विचारलं. रमजानमध्ये ती अंथरुणाला खिळली. अगदी शेवटच्या दुपारी तिने माझा हात घट्ट धरला.

"मला बाहेर पडायचं होतं गं..." एवढंच म्हणाली.

आणि गेली.