पहिलीच्या कप्प्यातला कागद

प्र. १. थोडक्यात माहिती लिहा.

बाई आत आली, पण खुर्चीवर बसेना. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती इस्त्री करायची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुन्या-नव्या भाजल्याच्या खुणा होत्या.

"आज दुपारी एक वाजता माझ्या मुलीचं नाव काढताहेत," ती म्हणाली.

भाऊजींनी पाणी दिलं. पाणी देणं, दार उघडणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही या चौकशी कार्यालयातली आपली तीन कामं, असं ते स्वतःच सांगत. कार्यालय मूळचं त्यांच्या थोरल्या भावाचं. भाऊ गेला, पाटी राहिली, आणि पाटीखाली वहिनी बसू लागल्या. टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर भाऊजी जोडीला आले. आल्या दिवसापासून त्यांचा एकही अंदाज बरोबर निघाला नव्हता.

मुलगी टेकडीवरच्या सरकारी शाळेत होती. फी नाही, पण परीक्षा देऊनच आत जायचं. जागा चाळीस आणि अर्ज हजारोंनी. आत गेल्यावर दर शनिवारी फळ्यावर क्रमांक लागतो, आणि मुलं एकमेकांना नावाने नाही, क्रमांकाने हाक मारतात. बाईची मुलगी दोन वर्षं 'पहिली' होती.

"घरी मीही तेच म्हणते," बाई ओशाळून म्हणाली. "पहिली, जेवायला ये. सवय लागली."

हकीकत अशी. गुरुवारी गणिताची मोठी परीक्षा झाली. शुक्रवारी सकाळी तक्रारपेटीत एक चिठ्ठी निघाली, ओळख पटू नये म्हणून पट्टीने ओढलेल्या अक्षरांची: 'कप्पा क्र. २३ उघडा.' तो कप्पा पहिलीचा. आत एक कागद होता. त्यावर गणिताच्या पेपरातले बाराही प्रश्न, उत्तरांसकट, पहिलीच्या अक्षरात. आणि वरच्या कोपऱ्यात तारीख मंगळवारची. परीक्षेच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे शाळेच्या मते पेपर फुटला होता, आणि तो पहिलीने फोडला होता. नाव निघालं तर दाखल्यावर 'फसवणूक' असा शेरा बसणार, आणि तसा दाखला घेऊन गेलेल्या मुलीला कुठलीच शाळा दारात उभी करणार नव्हती.

"ती काय म्हणते?" वहिनींनी विचारलं.

"ती म्हणते, कागद माझाच आहे." बाईने पदराने तोंड पुसलं. "कुणाला तरी पाठीशी घालतेय, ताई. माझी पोर असं करणार नाही. तिचं नाव राहू द्या, एवढंच करा."

वहिनींनी शब्द दिला. एरवी त्या कधी देत नसत.

प्र. २. चूक की बरोबर?

शाळेच्या शिपाईमामांना खूप बोलायचं होतं आणि कुणी विचारलं नव्हतं. कप्प्यांच्या वीस-वीसच्या दोन ओळी त्यांनी स्वतः दाखवल्या: चाळीस दारं, सुट्टीत नुकताच दिलेला हिरवा रंग, सगळी एकसारखी. रंगाऱ्याने नंबरांवरूनच ब्रश फिरवला होता. नवे नंबर घालायचे राहिलेच. मुलं आपापला कप्पा कुठल्या पोचावरून, कुठल्या ओरखड्यावरून ओळखतात.

"मोठ्या बाई म्हणाल्या, तेवीस उघडा. आता तेवीस कुठला? मी काय ज्योतिषी? शेवटी नोंदवही काढली आणि मोजत गेलो."

कुलूप शाबूत होतं. दाराला फट नव्हती. कागद सगळ्यात खाली, दोन जाड पुस्तकांच्या तळाशी होता. जादा किल्ल्यांचा जुडगा मामांच्या कमरेला असतो आणि आंघोळीलाही सुटत नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मुलांच्या किल्लीवर मात्र नंबर ठोकलेला असतो. पहिली तिची किल्ली गळ्यात, सदऱ्याच्या आत घालते.

"परीक्षेच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"फाटकावर. तीन तास. उन्हात. आत पाऊल टाकायला बंदी असते, तुम्ही पाहुण्या म्हणून आलात."

भाऊजींनी वहीत लिहिलं: शिपाई, किल्ली आहे. खाली दोन रेघा ओढल्या.

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?

'दुसरा' काटकुळा होता आणि त्याच्या नखांना नखं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. पहिली गेली की पहिला तोच. भाऊजींचं मत त्याला बघताच पक्कं झालं.

वहिनींनी पहिलीचा कप्पा कुठला म्हणून विचारलं. तो म्हणाला, खालच्या ओळीत, खिडकीपासून तिसरा, पोच आलेला. नंबर? त्याला माहीत नव्हता. त्याचा स्वतःचा किल्लीवर वाचून सांगितला.

"तुझं तर बरंच झालं की," भाऊजी मध्येच बोलले.

पोराने त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊजींनी वही मिटली.

"कालपासून सगळे अभिनंदन करताहेत, काका. मी दोनदा ओकलो. दुसरा असलं की वर कुणीतरी असतं. पहिल्याला फक्त खालीच जाता येतं." मग जमिनीकडे बघत: "तीच मला म्हणाली होती, गेल्या आठवड्यात. 'तुला पहिला नंबर हवाय का? फुकट देते.' मला वाटलं, टोमणा मारतेय."

प्र. ४. कारणे द्या.

गणिताचे सर दुखावलेले होते. पेपर त्यांनी घरी लिहिला, छापून झाल्यावर मूळ कागद जाळला, गठ्ठा सीलबंद ठेवला, सील वर्गात सगळ्यांसमोर फोडलं. तरी फुटला. कसा, ते त्यांना सांगता येत नव्हतं. पण मुलीने फसवलं याबद्दल शंका नव्हती.

"वागणंच सांगत होतं. पहिला अर्धा तास नुसती बसून होती. पेन हातात, कागद कोरा. मग जी सुटली ती सगळ्यांच्या आधी बाहेर. आधी माहीत असल्याशिवाय होईल असं?"

त्यांनी तो कागद आणि स्वतःची पेपराची प्रत शेजारी-शेजारी ठेवली. प्रश्न शब्दाशब्दाने जुळत होते. सरांच्या प्रतीवर नवव्या प्रश्नात लाल शाईने खाडाखोड होती.

"ते माझंच पाप. पाण्याच्या टाकीची उंची बारा मीटर लिहिली. माझ्या मूळ कागदातच बारा होते, छापखान्याला कशाला दोष देऊ. बारा धरले तर टाकी जमिनीखाली जाते. मुलं चुळबुळायला लागली तेव्हा लक्षात आलं आणि साडेअकराला, अर्ध्या तासाने, फळ्यावर दुरुस्ती लिहिली. एकवीस."

वहिनी कप्प्यातला कागद वाचत राहिल्या. एकेक आकडा, इस्त्रीचे कपडे रचावेत तसा नीट. प्रश्न नववा: टाकीची उंची २१ मीटर.

"अक्षर सुंदर आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

प्र. ५. रिकाम्या जागा भरा.

मुलीला प्रयोगशाळेच्या मागच्या सामानखोलीत बसवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं तरी ती गणितं सोडवत होती.

पेपर कुठून मिळाला? मिळाला. कुणी दिला? ती गप्प. कप्प्याची चिठ्ठी कुणी टाकली असेल? ती गप्प. कागद तुझा? हो, अक्षर माझं, तारीख माझी, अजून काय हवं, असं ती एका सुरात म्हणाली. पेन थांबलं नाही.

"सोमवारी नाव पटावर नसेल," वहिनी म्हणाल्या. "मग काय करशील?"

मुलीने पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखं काळं होतं.

"झोपेन," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर वहिनी जिन्यात थांबल्या, कठडा धरून. भाऊजींना वाटलं, गुडघा दुखतोय.

"उत्तर आलंय, भाऊजी. सांगू की नको?"

हा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नव्हता. भाऊजींना त्याचं काहीच वाटलं नाही. खाली बाकावर ती आई बसली होती, हात मांडीत घेऊन, आणि घड्याळात एकला दहा कमी होते.

"अहो वहिनी, विचारता काय? शब्द दिलाय तुम्ही. सांगायलाच हवं."

प्र. ६. संदर्भासह स्पष्टीकरण द्या.

मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलावर मुलीची फाइल होती आणि फाइलवर शिक्का तयार होता. सर उभे होते. आई दाराशी, मुलगी आईपासून दोन हात लांब.

"सर," वहिनींनी सुरुवात केली, "एकवीस हा आकडा तुमच्या पेपरात केव्हा आला?"

"सांगितलं ना. गुरुवारी साडेअकराला, फळ्यावर."

"त्याआधी कुठेच नव्हता? मूळ कागदात, छापील गठ्ठ्यात?"

"कुठेच नाही. बाराच होते."

वहिनींनी कप्प्यातला कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"मंगळवारी ज्याने चोरला असता त्याच्या कागदावर बारा असते. चूक ओळखली असती तरी नेमके एकवीसच कुठून आणले असते? तुम्ही कागद जुळवलात तो तुमच्या दुरुस्त केलेल्या प्रतीशी, म्हणून सगळं जुळलं. बाकीच्यांनी पाहिली ती तारीख. हा कागद परीक्षेनंतर लिहिलाय. पेपर फुटलेलाच नाही."

आईने दाराची चौकट धरली. "मग कुणी केलं हे? कोण माझ्या पोरीच्या वाईटावर उठलंय?"

भाऊजींनी मनात 'दुसरा' ठरवून टाकला होता आणि त्याला शोधायला ते दाराकडे वळलेही होते.

"थांबा भाऊजी. हे करणाऱ्याकडे तीन गोष्टी हव्यात. तो परीक्षेच्या वेळी वर्गात हवा, नाहीतर त्याला एकवीस माहीत नसते. त्याच्याकडे किल्ली हवी, कारण कुलूप न मोडता कागद तळाशी गेला. आणि चिठ्ठीत त्याने 'तेवीस' लिहिलं. वर्गातल्या कुणालाही विचारा, ते म्हणतील खालच्या ओळीत, खिडकीपासून तिसरा, पोच आलेला. नंबर दारावर राहिलेलेच नाहीत. शिपाईमामांकडे किल्ली आहे, नोंदवही आहे, पण ते फाटकावर होते. सर आणि दुसरा वर्गात होते, पण त्यांच्याकडे किल्ली नाही, आणि दुसऱ्याला नंबरही ठाऊक नव्हता. तिन्ही गोष्टी असलेलं माणूस एकच आहे. नंबर तिच्या गळ्यात आहे."

कुणीही त्या बाजूला पाहिलं नाही. मग सगळ्यांनी पाहिलं.

"बारा लिहायला घेतले होते," मुलगी म्हणाली. आवाज शांत होता, फळ्यावर गणित समजावून सांगावं तसा. "तीनदा घेतले. टाकी जमिनीत जात होती. चुकीचं लिहिताच येईना. म्हटलं, इतकं कोण बघणार आहे."

"पण का?" सर म्हणाले. "जायचंच होतं तर कोरा पेपर द्यायचा होतास."

"तेच ठरवलं होतं, सर. अर्धा तास बसले की. मग तुम्ही फळ्यावर एकवीस लिहिलंत आणि गणित सुटताना दिसायला लागलं. हात थांबेना."

"मला सांगायचंस," आई म्हणाली. "शाळा नको म्हणायचंस."

मुलीने आईच्या हातांकडे पाहिलं, कोपरापर्यंत.

वहिनींनी मग मोठ्या बाईंना विनंती केली. भाऊजींनी त्यांना विनंती करताना कधी ऐकलं नव्हतं. मुलीला शेरा न लावता, चांगला दाखला देऊन जाऊ द्या. साध्या शाळेत, निदान वर्षभर. ती तेच मागतेय. एवढं मागायला तिला चोर व्हावं लागलं.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शिक्का खणात ठेवला. त्यांचा चेहरा उजळला होता. पेपर फुटला नाही, म्हणजे शाळेची अब्रू शाबूत. फसवणूक झाली नाही, म्हणजे नाव काढायचं कारण नाही. पोरकटपणा आहे, चार भिंतींत राहील. पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांमधली मोठी परीक्षा आहे, आणि गुरुवारच्या पेपरात तिला शंभरपैकी शंभर पडलेत, हे आता सांगायला हरकत नाही.

वेळ संपली. पुरवण्या बांधा.

आईने सगळं ऐकलं होतं. त्यातलं तिच्यापर्यंत किती पोचलं, ते भाऊजींना सांगता येणार नाही.

"म्हणजे नाव राहिलं ना?" तिने विचारलं.

राहिलं, मोठ्या बाई म्हणाल्या.

"नक्की राहिलं?"

"अहो, राहिलं. तास सुरू आहे, जाऊ दे तिला वर."

मुलीने काही क्षण वाट पाहिली. कशाची, ते कुणी विचारलं नाही. मग दप्तर उचललं. आईने तिच्या सदऱ्याची कॉलर नीट केली, अंगठ्याने दाबून, सुरकुती मोडावी तशी, आणि म्हणाली, "पळ, तास बुडेल." मुलगी पळाली नाही. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून चढत गेली. पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत भाऊजी दारात उभे होते, आणि जिन्यात आपण काय सांगून बसलो ते त्यांना तिथे कळलं.

आईने वहिनींचा हात दोन्ही हातांत धरला. ती रडत होती आणि हसत होती.

"सुटली हो माझी पोर, ताई," ती म्हणाली. "तुमच्यामुळे सुटली."

वहिनींनी आपला हात हळूच सोडवून घेतला.