रतनबाईचा गळा

"माय, पाणी दे ना रतनमावशीला!"

शहादेवनं उंबऱ्यातूनच सांगितलं आणि सिंधुबाईचा तांब्या धरलेला हात जागच्या जागी थिजला. मावशी!... जिचं नाव या घरात सव्वीस वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं, जिच्या नुसत्या आठवणीनं काळजात निखारा फुलत असे, ती बाई आज तिच्याच दारात, तिच्याच लेकाच्या मोटारसायकलवरून उतरून उभी होती. आणि लेक तिला मावशी म्हणत होता! केस पांढरे झाले होते, चेहरा उन्हानं करपला होता, पायात रबरी चपला होत्या. पण मान किंचित तिरकी करून उभं राहण्याची ती ढब... ती मात्र तशीच!

सलग तिसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. दिंद्रुडला चार दिवसांनी टँकर येई आणि रांजणाचा तळ दिसू लागला की सिंधुबाई स्वतः तहान मारून राही. तिनं तांब्या भरून पुढे केला, पण नजर वर उचलली नाही. रतनबाईनं दोनच घोट घेतले आणि उरलेलं पाणी जपून परत दिलं. त्या जपण्याचाही सिंधुबाईला संताप आला.

"मावशी आता आमच्या बँडात गाणार हाय," शहादेव उत्साहानं म्हणाला. "चारा छावणीत गुरांला हाका मारीत होती, तवा ऐकलं मी. असला आवाज कुणाकडंच न्हाई, माय!"

सिंधुबाई चुलीपाशी जाऊन बसली, आणि विझलेल्या चुलीत उगाच फुंकर घालत राहिली.

शहादेव सहकारी साखर कारखान्यात वेल्डर होता. ऊसच नसल्यामुळे दोन हंगाम कारखान्याचं धुराडं थंड पडलं होतं, आणि साखरेच्या रिकाम्या गोदामात शहादेव नि त्याचे बीडचे दोन मित्र बँडची तालीम करत. बँडचं नाव 'धसकट'. ज्वारी कापल्यावर रानात उरतात आणि पायात घुसतात, ती धसकटं! मेटल नावाचं ते दणदणाटी विलायती संगीत. पण त्यात गिटार नव्हती. "गिटार सगळ्यांकडंच हाय," शहादेव म्हणे, "आपल्या घरात आप्पांचं व्हायलिन हाय." बापाच्या त्या व्हायोलिनला त्यानं वायर जोडली होती, वायर एका काळ्या डबीत घातली होती, आणि गज फिरवला की खडीच्या मशीनसारखा आवाज निघे. आता पुण्याच्या एका मोठ्या महोत्सवासाठी निवड व्हायची होती. रविवारी बीडच्या नाट्यगृहात वाजवून दाखवायचं होतं.

आणि त्या व्हायोलिनशेजारी पुन्हा रतनबाई उभी राहणार होती!

सिंधुबाईचा नवरा कचरू गायन पार्टीत व्हायोलिन वाजवायचा आणि रतनबाई गायची. जयंतीच्या दिवसांत पार्टी गावोगाव फिरे. कचरू घरी येई तो तिच्या गाण्याच्या गोष्टी घेऊन. रतननं असा सूर लावला, रतननं तशी तान घेतली... सिंधुबाई तळमळत राही. सासूला सांगितलं तर सासू म्हणे, "तुझ्याच मनात घाण हाय." शेजारणी म्हणत, "येडी झाली कचरूची बायकू." शेवटी सात महिन्यांची पोटुशी असताना ती भर कार्यक्रमात स्टेजवर चढली, रतनबाईच्या पुढचा माईक तिनं हिसकला आणि हजार माणसांत तिला नाही नाही ते बोलली. पंधरा दिवसांत रतनबाई पार्टी सोडून नाहीशी झाली. कचरू घरी परतला तो कायमचा. मीच हाकललं तिला, मीच परत आणलं नवऱ्याला! नवरा नऊ वर्षांपूर्वी वारला तरी हा एक अभिमान सिंधुबाईनं उराशी जपून ठेवला होता. तिच्या कष्टाळू, कोरड्या आयुष्यात दुसरं मिरवण्यासारखं होतं तरी काय?

रोज दुपारी शहादेव रतनबाईला तिच्या भाचीच्या घरून गाडीवर न्यायचा. तिच्यासाठी खडीसाखर आणायचा, ज्येष्ठमध आणायचा. दूध संस्थेत कॅन धुऊन धुऊन सिंधुबाईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्या त्याला कधी दिसल्या नाहीत!

बुधवारी भाकरीचं निमित्त करून ती गोदामावर गेली. पत्र्याची भिंत थरथरत होती. ड्रमचे घाव छातीत बसत होते, शहादेवचं आणि एका मित्राचं अशी दोन व्हायोलिनं एकमेकांवर चवताळून धावत होती. आणि त्या कल्लोळावर रतनबाईचा आवाज चढत होता. तो जुना गोड गळा आता राहिला नव्हता. हा फाटलेला, रापलेला, जमिनीतून उपसून काढल्यासारखा आवाज होता. पण सिंधुबाईला ऐकू कमी आलं, दिसलं जास्त. शहादेव गज उचलून थांबला होता आणि रतनबाईच्या तोंडाकडे बघत होता, तिच्या पुढच्या श्वासाची वाट बघत... अगदी कचरूसारखा! आपल्या श्वासाची अशी वाट कुणी कधी पाहिली?... कुणीच नाही!

पोरं बाहेर वायर जोडायला गेली, तशी ती आत शिरली.

"एक न्हेलास. आता दुसराबी न्हेतीस व्हय गं?"

"सिंधू, मी कुणाला..."

"नाव घेऊ नको माझं! ह्या पोरासाठी मी जन्माचा चुथडा केला, आन् वाजवताना ते तुझ्या तोंडाकडं बघतंय! माझंच घर सापडलं का तुला लुटायला?"

रतनबाईनं पदर सारखा केला. "पोराला काय सांगू?"

"काय बी सांग. तुझं तोंड दिसू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी भाचीकडून निरोप आला. रतनबाईचा गळा गेला. ती नेकनूरला भावाकडे निघून गेली.

शहादेव सुन्न होऊन बसला. "एका दिसात गळा कसा जातो, माय? तिच्याबिगर आमी नुसते आवाज करणारे हावोत..." सिंधुबाईनं त्याला आवडतं म्हणून पिठलं केलं. ती जिंकली होती! पण पोरानं ताटाला हात लावला नाही, आणि तिचाही घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

शुक्रवारी सकाळी संस्थेत दूध गोळा करताना चेअरमन भिवराबाई सहज बोलून गेली, "गळा गेला म्हणली का रतनी? तवाबी असंच म्हणलती. पार्टी सोडून आमच्या टोळीत ऊस तोडायला आली, त्या साली. मुंबईची कॅसेट निघायची होती म्हणं तिची. 'गळा गेला माझा' म्हणली... आन् फडात गायली की सारं रान ऐकायचं!"

"कोणत्या साली?"

"तुझा शहादेव झाला, त्याच साली की."

कॅन सिंधुबाईच्या हातातून निसटला. मग गळा गेलाच नव्हता? मग ती गेली कशानं?... एप्रिलचं ऊन डोक्यावर घेऊन, दोन एस.टी. बदलून, दुपारी ती नेकनूरला पोचली. रतनबाई गोठ्याच्या सावलीत वाकळ शिवत बसली होती.

"खरं सांग. तवा गळा गेलता का तुझा?"

रतनबाईनं सुई थांबवली. "न्हाई."

"मग?"

तिनं सुई वाकळेत टोचून ठेवली. "तू स्टेजवर चढलीस, त्याच्या दुसऱ्या दिशी ते म्हणले, मुंबईला चल, परत यायचंच न्हाई. मी हो म्हणलते, सिंधू. पिशवी भरलती."

सिंधुबाई वाकळेच्या कडेवर बसली. संताप डोक्यात चढला. पण त्या संतापाच्या तळातून काहीतरी वेगळंच उसळून वर आलं. "म्हंजी... मी येडी नव्हते?"

"न्हाई बाई. तू खरी होतीस."

सव्वीस वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं! सासूनं नाही, नवऱ्यानं नाही, गावानं नाही... आणि म्हटलं ते या बाईनं! सिंधुबाई तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडली.

"मग गेली कावून न्हाईस?"

"तू माईक वढलास, तवा तुझं पोट माझ्या हाताला लागलं. आतलं पोर हललं, सिंधू!... पुढं गायला उभी राहिले की हाताला तेच लागायचं. म्हणलं, गळा गेला. गळा नसलेल्या बाईला घेऊन ते काय करणार? आले घरी."

"म्हंजी मी न्हाई आणलं त्यांला." सिंधुबाई म्हणाली. "तू धाडलंस." आयुष्यभराचा एकुलता एक अभिमान, तोही याच बाईची देणगी निघावा! मत्सराचा डंख पुन्हा एकदा काळजात खोल रुतला.

"मलाबी तुझा लई राग यायचा," रतनबाई हळूच म्हणाली. "तालमीत मधीच थांबायचे आन् म्हणायचे, सिंधूनं आता भाकरी टाकली आसंल. माझा सूर तितंच चुकायचा."

गोठ्यातली म्हैस खुंट्याभोवती फिरली. दोघींचंही सारं वय एकाच माणसावर जळून गेलेलं!

मग सिंधुबाईनं डोळे पुसले. "ऊठ. ऐतवारी पोराचा कार्यक्रम हाय."

"तूच तर म्हणलीस..."

"म्हणले. आजबी जळतंय माझं, खोटं कशाला बोलू? पर ऊठ."

रविवारी दुपारी नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत दोघींना एकत्र पाहून शहादेव धावत आला. "मावशी! गळा?"

"गळा गेलाच नव्हता," सिंधुबाई मध्येच म्हणाली. "मी हाकललं तिला. मीच."

शहादेवचा चेहरा उतरला. "तू?... माय, तुला आमचं वाजवणं एवढं नकोसं हाय का? मला सांगायचं तरी!"

"कुणी इचारलं का मला?" तिचा बांध फुटला. "तुझ्या आप्पांनी इचारलं न्हाई. तू हिला दारात आणलीस, इचारलं न्हाईस. हिच्या श्वासाकडं बघत वाजवतोस... मी श्वास घेते का न्हाई, कुणाला ठाव हाय रे?"

शहादेव खाली बसला. तिचा भेगाळलेला हात त्यानं हातात घेतला, उलटा करून पाहिला, जणू पहिल्यांदाच. त्याच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं. "चुकलं, माय... लई चुकलं."

"हिचं आन् तुझ्या आप्पांचं काय झालतं, ते मी सांगन. मीच सांगन, दुसऱ्या कुणी न्हाई. आज वाजीव."

बाहेरून बँडचं नाव पुकारलं गेलं. रतनबाई उठली. सव्वीस वर्षांनी स्टेज! छातीवरून पदर सुटत होता आणि कापऱ्या बोटांना तो खोचता येत नव्हता. सिंधुबाई क्षणभर पाहत राहिली. मग पुढे झाली, पदराला पीळ दिला आणि त्या बाईच्या कमरेशी तो आपल्या हातांनी घट्ट खोचला.

"जा," ती म्हणाली. "आन् ह्या बारीला अर्ध्यात सोडून जाऊ नको."