नववी अट

"मी सही करणार नाही!" मेरिननं पेन टेबलावर आपटलं.

टेबलापलीकडचा कुरळ्या केसांचा मुलगा दचकलाच. बाहेर अ‍ॅडलेडचा उन्हाळा भडकलेला, आत सभागृहात पंख्यांची घरघर, आणि रांगेतले जुन्या व्हिडिओ गेमचे वेडे आता माना उंचावून बघायला लागलेले.

"नववी अट वाचलीस?"

"वाचली... म्हणजे, टाइपच मी केली." तो कसनुसा हसला. "मी डिंको. नुसता मदतीला आहे हं इथं!"

"मग वाच की मोठ्यानं!"

त्यानं वाचली. स्पर्धेत दिलेला प्रत्येक गेम, प्रोग्रामसकट, कायमचा आयोजकांच्या मालकीचा.

"हा गेम ग्लेनिस मावशीनं तरुणपणी लिहिला. तो नव्या यंत्रावर चालावा म्हणून मी डोळे फोडले. तिनं मला तो चालवायला दिलाय, वाटायला नाही!"

"पण जिंकलीस तर बक्षीस म्हणून सिडनीची नोकरी..." तो हळूच म्हणाला.

"माहितीय." ती नोकरी तिला हवीच होती, अगदी जिवापाड.

डिंकोनं मान खाली घातली. "गेल्या वर्षी मी केली सही. माझा गेम ते आता विकतात. नाव कुठ्ठे नाही माझं."

"आणि तरी इथं बसलायस? शहाणाच आहेस!"

त्याचे कान लाल झाले. मेरिननं टेबलावरचं आपलं गेमचं छोटं यंत्र उचललं आणि ती ताडताड बाहेर निघून गेली.

पायऱ्यांवर सावलीत बसून तिनं गेम लावला. डोळे भरून आले होते, पण रडणार कोण? तेवढ्यात शेजारी कुणीतरी टेकलं. डिंको! हातात सारण भरलेल्या दोन गरम पेस्ट्या, गळ्यातलं ओळखपत्र गायब.

"आपटून आलो टेबलावर," तो म्हणाला. "तुझ्या पेनाइतका आवाज नाही झाला पण."

ती खुदकन हसली. त्यानं गेम खेळून बघितला. "उडी मारताना अडखळतोय गं."

"अडखळत नाहीये! मावशीनं तस्साच लिहिलाय!"

"बरं बाई!" मग तो घुटमळला. "पुढचा गेम... मिळून करायचा?"

"अटी?"

"तुझं ते तुझं, माझं ते माझं."

"मंजूर."

"आणि... तू पेन आपटलंस ना, तेव्हापासून मला जे काय होतंय — ते कुणाचं?"

मेरिननं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग सभागृहातून सगळ्यांना दिसेल असा त्याचा हात घट्ट धरला.

"ते दोघांचं. आणि त्यावर सही मागायला कुणी येऊनच दाखवावं!"